द्राक्षबागेवरचा कागद आणि मोठं विंड टनेल

जिल्ह्याच्या गावातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला देशातलं मोठं विंड टनेल, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून बघायचा बोगदा, चाचणीसाठी मिळतं का? मिळतं. आम्हाला मिळालं. पण तिथवर जायची वाट एका जागी कुठंच लिहिलेली सापडत नाही, म्हणून ती सविस्तर मांडतेय. सिव्हिल, मेकॅनिकल, कृषी अभियांत्रिकी शिकवणारे माझ्या ओळखीतले कितीतरी जण चांगले विषय केवळ ‘आपल्याकडं तेवढी सोय नाही’ म्हणून सोडून देतात. सोय देशात आहे. ती आपल्याला मागता यायला हवी आणि ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ती मागणाऱ्याच्या आवाक्यात ठेवायला हवी.

आमचा विषय द्राक्षबागेवरच्या प्लास्टिकचा. निफाड, दिंडोरी, चांदवडकडं फिरलात तर आता बऱ्याच बागांवर पांढरट आच्छादन दिसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडकूज, माल तयार झाल्यावर आला की मणी तडकतात. अवकाळीचा भरवसा राहिला नाही, म्हणून बागायतदार कर्ज काढून ओळींवर प्लास्टिक टाकतात. त्याला सगळे ‘कागद’च म्हणतात. कागद पाऊस अडवतो, पण वाऱ्यात तोच शिडासारखा फुगतो. तारा तुटतात, कागद पेलणारे लोखंडी अँगल वाकतात, कधीकधी टोकाचे खांब मुळासकट उपटून येतात.

पिंपळगावच्या बाजूला आमच्या एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांची बाग आहे. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. एका वादळानंतर आम्ही बाग बघायला गेलो, तेव्हा बांधावर वाकलेल्या अँगलचा ढीग होता. नानांनी त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, “ताई, हा दुकानदारानं सांगितला म्हणून घेतला. शेजाऱ्यानं याच्यापेक्षा जाड घेतला, त्याचाही गेला. मधल्या ओळी बघा, जशाच्या तशा उभ्या. गेल्या त्या कडेच्या. तुम्ही पुस्तकातून एवढं काढून द्या, कडेला किती ताण द्यायचा आणि मध्ये किती.”

पुस्तकात ते नव्हतं. वाऱ्याच्या भाराचं आपलं मानक म्हणजे आयएस 875 चा तिसरा भाग, 2015 ची आवृत्ती. त्यात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. दाब काढायचं सूत्र साधं आहे, वेगाचा वर्ग गुणिले 0.6. म्हणजे 39 ला चौरस मीटरमागं 900 न्यूटनच्या वर, आपल्या भाषेत सुमारे 93 किलो. बांधकामाचं आयुष्य, उंची, भोवतालची जमीन यांप्रमाणं हा आकडा कमी-जास्त होतो. पण खरी अडचण त्याच्या पुढं येते. हा दाब छपराच्या कुठल्या भागाला किती पटीनं आणि वर की खाली लागतो, हे सांगणारे गुणांक लागतात. भिंती नसलेल्या उतरत्या छपरासाठी मानकात ते आहेत. द्राक्षबागेत मात्र नऊ-नऊ फुटांवर अशी कितीतरी छपरं शेजारी शेजारी असतात, दोन छपरांत फट असते आणि खाली पानाफांद्यांची दाट गर्दी असते. या रचनेचे गुणांक मानकात नाहीत. ते मोजूनच काढावे लागतात.

आमच्या कॉलेजात विंड टनेल आहे. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलचं, 30 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर चाचणी-खिडकीचं, म्हणजे मॉडेल ठेवायची जागा तेवढीच. एअरफॉइलवरचा, म्हणजे विमानाच्या पंखाच्या आकारावरचा, दाब दाखवायला उत्तम. बागेसाठी ते का चालत नाही, हा हिशेब प्रत्येकानं करून बघावा, कारण पुढं अर्जात पहिला प्रश्न हाच येतो. मॉडेलनं बोगद्याची वाट अडवली की बाजूनं जाणारा वारा उगाच वेग घेतो आणि आकडे फुगतात. म्हणून मॉडेलची समोरून दिसणारी सावली बोगद्याच्या छेदाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायची असा दंडक आहे. आमच्या बोगद्याचे पाच टक्के म्हणजे 45 चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पत्त्याच्या पानाएवढी सावली. त्यात सात ओळींची बाग बसवायची तर छप्पर दीड सेंटिमीटर उंच होतं आणि दाब मोजायची छिद्रं पाडायला जागाच उरत नाही. शिवाय बागेतला वारा जमिनीला घासत येतो. जमिनीलगत मंद, वर वेगवान, आणि सगळ्या उंचीवर भोवऱ्यांनी भरलेला. तसा वारा तयार करायला मॉडेलच्या आधी कित्येक मीटर लांबीची, ठोकळ्यांनी खडबडीत केलेली फरशी लागते. छोट्या बोगद्यात वारा सपाट येतो, आणि सपाट वाऱ्यावर काढलेला गुणांक घेऊन मी नानांना अँगल सांगू शकत नव्हते.

मग मोठ्या बोगद्यांची यादी काढली. ओझरचा विमान कारखाना आमच्यापासून जवळ, 2025 च्या ऑक्टोबरात तिथं तेजस मार्क 1-ए या लढाऊ विमानाच्या जुळणी-साखळीचं उद्घाटन झालं. त्यामुळं विद्यार्थ्यांनी आधी विचारलं ते विमानांच्या बोगद्यांबद्दल. तेजसच्या मॉडेलच्या चाचण्या बंगळूरच्या एनएएल या विमान-संशोधन प्रयोगशाळेतल्या 1.2 मीटरच्या ट्रायसॉनिक विंड टनेलमध्ये झालेल्या आहेत. 1967 पासून चालू असलेला हा बोगदा मॅक 0.2 ते 4 पर्यंत, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या चौपटीपर्यंत, जातो. आपल्या कामासाठी तो नव्हे. त्यात साठवलेली दाबाची हवा सोडून काही सेकंद वारा मिळतो, आम्हाला मंद, गढूळ आणि मिनिटंच्या मिनिटं चालणारा वारा हवा होता. आयआयटी कानपूरला नॅशनल विंड टनेल फॅसिलिटी आहे. चाचणी-खिडकी 3 मीटर बाय 2.25 मीटर, वेग सेकंदाला 80 मीटरपर्यंत. इमारती, छपरं, धुरांडी अशा कामासाठीच बांधलेले, लांब फरशीचे ‘बाउंडरी लेयर’ बोगदे आयआयटी रुरकीत आणि चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसी या बांधकाम-संशोधन संस्थेत आहेत. आणखीही काही संस्थांत लहान-मोठे आहेत. शोध घ्यायला आय-स्टेम पोर्टल कामाला येतं. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाचा हा उपक्रम, 3 जानेवारी 2020 ला सुरू झाला. देशातल्या संस्थांमधली उपकरणं कुठं आहेत, हे त्यावर शोधता येतं आणि वेळेची मागणीही नोंदवता येते. पोर्टलवर खातं काढणं, संस्थेकडून ते मंजूर करून घेणं हे सगळं सुट्टीच्या काळात उरकून ठेवा.

यादीवरून मी आधी काही ठिकाणी मेल केले. काहींचं उत्तर आलं नाही, एका ठिकाणाहून दरपत्रक आलं, त्यात उद्योगांचा दर ठळक आणि शैक्षणिक दर ‘विनंतीनुसार’. या टप्प्यावर बहुतेक लोक थांबतात. आमचं काम पुढं सरकलं ते एका माणसामुळं. एका राष्ट्रीय संस्थेतल्या बोगद्याचं काम बघणाऱ्या शास्त्रज्ञांनी मेलला उत्तर म्हणून फोनच केला. त्यांनी दर सांगितला नाही, वेळ सांगितली नाही. विचारलं, “द्राक्षाच्या वेलीखालून वारा किती जातो, हे तुम्ही मोजलंय का?”

त्या एका प्रश्नानं आम्हाला पुन्हा बागेत पाठवलं. हातात धरायचा वेगमापक घेऊन आम्ही नानांच्या बागेत ओळीबाहेर आणि ओळीआत वारा मोजला. छाटणीनंतरच्या उघड्या बागेत, मग पानं भरल्यावर, मग घड लोंबायला लागल्यावर. फरक डोळ्यांना दिसतो त्याहून मोठा निघाला. म्हणजे मॉडेलमध्ये छप्पर करून भागणार नव्हतं, खालची पानांची गर्दीही तीन दाटपणांत करावी लागणार होती. हे आम्हाला बोगद्यात पोचल्यावर कळलं असतं तर मिळालेली वेळ तिथंच संपली असती.

त्यानंतर त्या शास्त्रज्ञ सरांशी बरेच फोन झाले. मोठ्या बोगद्यात पाऊल ठेवण्यापूर्वीच्या या बोलण्यातच खरा प्रयोग घडतो, असं माझं ठाम मत झालं आहे. ते विचारायचे, आम्ही हिशेब करून पाठवायचो, ते पुन्हा विचारायचे. प्रमाण किती? आम्ही 1:25 ठरवलं. बारा फुटांच्या आतलं शिखर 14 सेंटिमीटरवर आलं, नऊ फुटांची ओळ 11 सेंटिमीटरवर. सात ओळी आणि मीटरभर लांबी धरून वाट साडेतीन टक्क्यांच्या आसपास अडत होती, म्हणजे दंडकात बसलो. पण एवढ्या मोठ्या प्रमाणाला खऱ्या वाऱ्यातले सगळ्यात मोठे भोवरे बोगद्यात मावत नाहीत. मग काय करायचं? छोटे भोवरे, जे छपराच्या कडेशी खेळतात, ते नीट जुळवायचे आणि मोठ्यांचा परिणाम नंतर गणितानं घ्यायचा. वेग किती? मॉडेल लहान, वारा मंद, म्हणून रेनॉल्ड्स अंक, म्हणजे आकार आणि वेग मिळून वारा कसा वाहील हे सांगणारा आकडा, बागेच्या मानानं कितीतरी लहान येतो. धारदार कडेवर वारा कुठल्याही वेगाला कडेलाच सुटतो, त्यामुळं आमच्या दोन उतारांच्या छपराला ते चालत होतं. गोल कमानीच्या पॉलिहाऊसला चालत नाही, तिथं वारा सुटायची जागा वेगाप्रमाणं सरकते. आमच्या प्रस्तावात जानोरी-मोहाडीकडची पॉलिहाऊसही होती. ती आम्ही पुढच्या टप्प्याला ठेवली.

आणि कागद तर फडफडतो, त्याचं काय? मऊ कागदाचं मॉडेल करायचं तर वजन आणि ताण दोन्ही प्रमाणात उतरावे लागतात, ते वेगळंच काम आहे. पहिल्या वेळी कडक मॉडेलवर दाब मोजायचा, हे ठरलं. सर म्हणाले, “एका वेळी एक गोष्ट मोजा, पण अशी मोजा की दुसऱ्यानं तपासली तरी तीच यावी.”

पैशांचं सांगते, कारण त्याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही. शैक्षणिक दर मिळाल्यावरही बोगद्याचं भाडं, त्यावर 18 टक्के जीएसटी, मॉडेल, वाहतूक, राहणं-जाणं हे सगळं आमच्या विभागाच्या वर्षाच्या तरतुदीबाहेर होतं. थोडं छोट्या संशोधन अनुदानातून आलं, थोडं कॉलेजनं दिलं, मॉडेलचा खर्च नानांच्या गटातल्या बागायतदारांनी वाटून घेतला. त्यांनी पैसे देताना एकच अट घातली, आकडे आले की आम्हाला समजतील असे सांगायचे.

पैसे जमले तरी ते पोचवायची कसरत वेगळी. बोगद्याच्या संस्थेचा नियम, आधी पूर्ण रक्कम, मग तारीख. आमच्या संस्थेचा नियम, आधी काम, मग बिल, मग पैसे. त्यात तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता. देशात जे काम करणाऱ्या जागाच बोटांवर मोजण्याइतक्या, त्याची तीन कोटेशन कशी आणायची? हा तिढा सुटला तो दोन कागदांनी. पहिला, या प्रमाणाची चाचणी याच ठिकाणी का करावी लागते याची तांत्रिक टिपणी, विभागप्रमुखांच्या आणि बाहेरच्या एका तज्ज्ञाच्या सहीची. दुसरा, दोन संस्थांमधला सामंजस्य करार, ज्यात रक्कम आगाऊ देण्याचं कलम घातलं. ही टिपणी आणि करार अर्जाच्या आधीच तयार ठेवा. तारखा मोठ्या कंपन्यांच्या आणि संरक्षणाच्या कामांमधल्या फटीत निघतात, आणि फट निघाली तेव्हा तुमचे पैसे पोचलेले नसतील तर ती दुसऱ्याला जाते.

मॉडेल नाशिकच्या सातपूरला, एका वर्कशॉपमध्ये झालं. कागद खरा केसाएवढा पातळ, पण आम्हाला त्याच्या वरचा आणि खालचा दाब एकाच जागी, एकाच क्षणी मोजायचा होता, कारण बागेतला कागद उचलतो तो या दोन दाबांतला फरक. म्हणजे पातळ पत्र्यात वरून एक नळी, खालून एक नळी. वर्कशॉपच्या काकांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. मग दोन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकचे दोन तक्ते घेतले, दोन्हींच्या आतल्या अंगाला सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर बारीक खाचा पाडल्या आणि खाचांत नळ्या बसवून तक्ते एकमेकांवर चिकटवले. नळ्यांसाठी बाजारात काही मिळेना, तेव्हा त्यांनीच सुचवलं, “मॅडम, इंजेक्शनच्या सुया आणा की.” वैद्यकीय सामानाच्या दुकानातून जाड सुयांची खोकी आणली, टोकं घासून काढली आणि प्रत्येक छिद्रात एकेक सुई बसली. बाहेरून पांढरी प्लास्टिकची नळी, तिच्यावर कागदी पट्टीत क्रमांक. विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत पट्ट्या चिकटवत बसायचा. कडेच्या ओळीला छिद्रं दाट, मधल्या ओळींना विरळ, कारण नानांनी दाखवलेला ढीग कडेचा होता. खालच्या पानांसाठी वेगवेगळ्या विणीच्या जाळ्या घेतल्या आणि बागेत मोजलेल्या वाऱ्याशी ताडून तीन जाळ्या पक्क्या केल्या.

लाकडी खोक्यात मॉडेल बांधून आम्ही रेल्वेनं गेलो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, खोकं सीटखाली मावत नाही एवढं ध्यानात ठेवा.

बोगदा पहिल्यांदा आतून बघताना माणूस गप्प होतो. ज्या खिडकीत एरवी मॉडेल ठेवतात, तिच्यात आम्ही सरळ उभे राहिलो, डोक्यावर हातभर जागा शिल्लक. समोर वाऱ्याच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचे त्रिकोणी सुळके उभे, त्यांच्यापासून आपल्या पायापर्यंत फरशीवर लाकडी ठोकळ्यांच्या रांगा. सुळके भोवरे तयार करतात, ठोकळे वाऱ्याला जमिनीजवळ अडवतात. मोकळ्या शेतजमिनीचा वारा हवा म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी आमच्यासाठी ठोकळे बदलले आणि मॉडेल ठेवण्याआधी नुसता वारा मोजला. उंचीप्रमाणं वेग कसा वाढतो आणि भोवऱ्यांची तीव्रता किती, या दोन्हींच्या आलेखावर मानकातली रेघ टाकून दाखवली. त्यानंतर आमचं मॉडेल नाही, आधी एक प्रमाण-मॉडेल आत गेलं. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठानं लबकला माळावर 30 फूट बाय 45 फूट, 13 फूट उंच अशी खरी इमारत उभी करून तिच्यावरचा वारा मोजला होता. जगभरचे बोगदे आपले आकडे तिच्याशी ताडून बघतात. आकडे जुळले, तेव्हा कुठं फिरत्या तबकडीवर द्राक्षबाग चढली.

यानंतरचं काम किचकट आणि महत्त्वाचं. प्रत्येक छिद्रावर सिरिंजनं हलका दाब द्यायचा आणि नियंत्रण कक्षात त्याच क्रमांकाची रेघ हलते का बघायचं. विद्यार्थी आत गुडघ्यांवर बसून क्रमांक ओरडायचा, मी बाहेर पडद्यावर बघून “हो” म्हणायचे. एखादी रेघ हळूहळू परत खाली आली की समजायचं, नळी गळतेय. ती काढून नवी. लांब नळीतून दाबाचे झटके पोचेपर्यंत बोथट होतात, त्याचीही दुरुस्ती आधी मोजून ठेवली. हे सगळं मॉडेल-तयारीच्या खोलीत, भाडं चालू होण्याआधी करायला मिळालं. ही सवलत छोटी दिसते, पण बाहेरून येणाऱ्या संशोधकाला तीच तारते. जिथं गेटमधून आत शिरल्याक्षणी घड्याळ चालू होतं, तिथं पहिला दिवस नळ्यांतच जातो.

पंखा सुरू झाला. आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. वेग सेकंदाला 12 मीटरवर स्थिर झाला, पडद्यावर सगळ्या रेघा एकदम थरथरायला लागल्या. या प्रमाणाला बोगद्यातलं एक मिनिट म्हणजे बागेतली दहा-पंधरा मिनिटं, त्यामुळं थोड्या वेळात वादळाचा बराच मोठा तुकडा नोंदवता येतो. वारा ओळींना आडवा, मग तबकडी पंधरा-पंधरा अंशांनी फिरवत ओळींच्या दिशेत. आधी उघड्या बागेची सगळ्यांत विरळ जाळी, मग मधली, मग दाट जाळी.

आडव्या वाऱ्यात नाना म्हणाले होते तेच दिसलं. पहिली ओळ वारा झेलते, तिच्या आडोशाला पुढच्या ओळी निवांत. तिरक्या वाऱ्यात मात्र चित्र बदललं. कोपऱ्यातल्या छिद्रांच्या रेघा खाली खाली सुऱ्यासारख्या जायला लागल्या. तिथं कडेवरून शंकूसारखा भोवरा सुटतो आणि कागद वरून ओढला जातो. सरांनी वेग कमी करायला लावला, विद्यार्थ्यानं कोपऱ्यावर लोकरीचे छोटे धागे चिकटवले, आणि बाहेरून काचेतून आम्ही बघितलं. इतर धागे वाऱ्याच्या दिशेनं आडवे, कोपऱ्यातले गोल गोल भिरभिरताहेत. दाट जाळीला आणखी एक गोष्ट कळली. पानांनी खालची वाट अडली की आत शिरलेल्या वाऱ्याला पुढं जाता येत नाही, तो खालून कागद उचलतो. वरून ओढ, खालून ढकल. म्हणजे बाग घडांनी भरलेली, जास्तीत जास्त पैसा झाडावर, नेमकी तेव्हाच कडेच्या ओळींवरची उचल सगळ्यांत जास्त. मानकात एकेरी छपराखाली वाट अडल्यावर उचल वाढते असं दिलंच आहे, आमच्या ओळींनाही ते लागू पडलं, पण मधल्या ओळींना फार कमी. निघण्यापूर्वी पहिली मोजणी तशीच्या तशी पुन्हा केली. रेघा एकमेकांवर बसल्या.

या आकड्यांची मर्यादाही बागायतदारांना सांगितली. अवकाळीच्या ढगातून जमिनीवर आदळून पसरणारा वारा वेगळा, तो या प्रकारच्या बोगद्यात तयार होत नाही. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाचा विंडई डोम त्यासाठीच बांधलाय. आमचे गुणांक सरळ वाहणाऱ्या जोराच्या वाऱ्याचे आहेत, आणि गारपिटीच्या वादळासाठी वर सुरक्षिततेची भर लागते.

परत आल्यावर नानांच्या ओसरीत बैठक झाली. मी गुणांक सांगितले नाहीत. बागेचा नकाशा काढून तीन रंग भरले: कोपरे, कडेच्या ओळी, मधला भाग. प्रत्येक रंगाला खांबातलं अंतर, ताणाच्या तारांची संख्या आणि जमिनीतल्या पायाची खोली. एका बागायतदारानं लगेच हिशेब मांडला, “म्हणजे मधल्या भागात अँगल हलका घेतला तर वाचलेल्या पैशात कडेचं काम निघतं.” बरोबर हेच आमच्या अहवालाचं सार होतं, आणि ते त्यांनी आमच्याआधी बोलून दाखवलं.

या सगळ्यातून माझं एक म्हणणं पक्कं झालंय, आणि ते मी जिथं संधी मिळेल तिथं मांडते. मोठा बोगदा सार्वजनिक पैशातून उभा राहतो, तेव्हा त्याच्या वेळेचा ठरावीक हिस्सा विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या संशोधकांसाठी आधीच राखून जाहीर करायला हवा. अमेरिकेत फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात ‘वॉल ऑफ विंड’ आहे, बारा पंख्यांची, ताशी 157 मैल वारा देणारी. ती एनएसएफ या तिथल्या सरकारी विज्ञान-निधी संस्थेच्या मदतीनं सामायिक सुविधा म्हणून चालवली गेली, बाहेरच्या विद्यापीठांचे संशोधक तिथं येऊन घरांची छपरं तपासून गेले. ब्रिटनमध्ये 2014 साली सात विद्यापीठांमधले 17 बोगदे एका राष्ट्रीय सुविधेखाली आणले, ते इतर संशोधकांना खुले करण्याच्या उद्देशानं. आपल्याकडंही विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 2022 मध्ये उपकरणं वाटून वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. धोरण आहे. त्याखाली तीन गोष्टी हव्यात: शैक्षणिक दर विनंतीविना दिसेल असा जाहीर, तयारीच्या खोलीला भाडं नाही, आणि बाहेरच्या माणसाशी चाचणीच्या आधी बोलणं हे तिथल्या शास्त्रज्ञाच्या कामाच्या मोजमापात धरलेलं. आम्हाला जे सर भेटले त्यांनी ते स्वतःच्या वेळेतून केलं. विमानाला आणि उंच टॉवरला बोगद्याची वाट आपोआप सापडते, त्यांच्यामागं कंपन्या असतात. द्राक्षाच्या कागदामागं, कांद्याच्या चाळीमागं कंपनी नाही. तिथं जिल्ह्यातलं कॉलेजच उभं राहू शकतं, आणि त्याला दार उघडं हवं.

कांद्याच्या चाळीचं नाव उगाच घेतलं नाही. लासलगाव-येवल्याकडं वादळात चाळींचे पत्रे उडतात, आणि शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी तो विषय घेतला आहे. चाळीलाही मोकळ्या शेतजमिनीचाच वारा लागतो, प्रमाणही 1:25 चालतं. म्हणून या वेळी आम्ही दोन्ही कॉलेजांनी मिळून एकच अर्ज केलाय. सुळके आणि ठोकळे एकदाच लावायचे, प्रमाण-मॉडेल एकदाच तपासायचं, मग आधी त्यांची चाळ आणि नंतर आमचा मऊ कागदाचा नमुना. वाऱ्याच्या मांडणीचा खर्च निम्मा-निम्मा. सामंजस्य करारात तिसरी सही वाढली, ती झाली आहे. आगाऊ रकमेतला आमचा वाटा या महिन्यात जातोय, त्यांचा पुढच्या. सातपूरच्या काकांनी चाळीच्या फळ्यांमधल्या फटी 1:25 ला कापून बघितल्या आहेत आणि सुयांचं नवं खोकं मागवलंय.